चर्चच्या ठेवीनं सिगारेट विकावी का?

नागाळा_पार्कची_लेक

कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीवर मी चार वर्षं आहे. आमच्या वसतिगृहाची थोडी जागा रस्तारुंदीत गेली, तिच्या भरपाईचे ४२ लाख मुदत ठेवीत आहेत. मुदत पुढच्या महिन्यात संपते. गेल्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली, तेव्हा एका सभासदांनी म्युच्युअल फंडाची माहितीपत्रकं आणली होती. "ठेवीपेक्षा बरं मिळेल," म्हणाले. फंडाचा पैसा कुठल्या कंपन्यांत आहे ती यादी मी वाचत गेले. दोन बँका, एक सॉफ्टवेअरवाले, एक तेलवाले, आणि सहाव्या ओळीत सिगारेट बनवणारी कंपनी.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. त्यांचे यजमान तंबाखूपायी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. अर्धा जबडा काढल्यावर शेवटचे काही महिने मावशी त्यांना चमच्यानं पेज भरवायच्या, आणि निम्मी पेज पदरानं पुसून घ्यायच्या. दर महिन्याला पेन्शन झाली की मावशींचं दानाचं पाकीट येतं. मोजणीला मी असते, म्हणून मला ठाऊक आहे, आत शंभराची एकच नोट असते, चार घड्या घातलेली. ती नोट आम्ही तंबाखूच्या धंद्याला भांडवल म्हणून द्यायची?

येशूला पैशासाठी पकडून देणाऱ्या यहूदानं मंदिरात टाकलेली तीस नाणी याजकांनीसुद्धा दानकोशात घेतली नव्हती. रक्ताचं मोल आहे म्हणाले आणि त्यातून कुंभाराचं शेत घेतलं. पैसा आला कुठून हे तेव्हाही विचारलं जायचं. तो आपल्याकडून पुढे कुठे जातो हे आपण का विचारू नये? कमिटीनं एका पानाचा नियम लिहावा असं माझं म्हणणं आहे: आपला पैसा कुठल्या धंद्यात जाणार नाही, शक्यतो कुठे जावा, आणि कुणाला पत्र लिहून जाब विचारायचा. तुमचं मत मोकळेपणानं सांगा.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, मावशींचं वाचून गलबलून आलं. तरीही मी विरोधात आहे. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातून एकच गोष्ट शिकलो. विश्वस्ताचं पहिलं काम मुद्दल राखणं. पैसा त्याचा नसतो. तुम्ही 'चांगल्या' जागा शोधत फिरलात की कोणी तरी गोड बोलणारा भेटणारच. आपल्या भागात किती पतसंस्था बुडाल्या आणि किती देवस्थानांचे, तालमींचे पैसे त्यात गेले, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पतसंस्थेतल्या ठेवीला विमा नाही. बँकेतल्या ठेवीलाही एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, तोही फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १ लाखच होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर पैसे काढायचे निर्बंध आले तेव्हा मुंबईत म्हातारी माणसं बँकेच्या दारात रडताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. एकाच बँकेत असतील तर तुमच्या ४२ लाखांतले ३७ लाख आजही विम्याबाहेरच आहेत. आधी ते दोन-चार मजबूत बँकांत विभागा. नियमाचं पान नंतर लिहा.

सीए_राजारामपुरी

कायद्याचं थोडं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँक (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली), पोस्ट, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा असतो. याबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती सध्या कुठवर आहे ते तपासून घ्या. प्राप्तिकर कायद्याची यादी वेगळी, तिच्यात म्युच्युअल फंड बसतो. म्हणून फंड विकणारे वितरक 'चालतं' म्हणून सांगतात. पण एका कायद्यात चालतं म्हणजे दुसऱ्यात चालतंच असं नाही. परदेशी देणगीचा पैसा असेल तर फंड आणि शेअर दोन्ही विसरा, त्या पैशाच्या कायद्यात ती सट्टेबाजी धरली जाते. थोडक्यात, सिगारेटवाल्या फंडाचा प्रश्न नीतीच्या आधी परवानगीपाशीच अडकेल.

फोंड्याचा_पोरगा_पुण्यात

सीएसाहेब, कायदा बरोबर आहे. पण 'अडकेल' म्हणून आपण विचार करायचं सोडलं तर उद्या परवानगी मिळाल्यावर काय? २०१३ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा नावाच्या, भरमसाट व्याजानं उसने पैसे देणाऱ्या कंपनीविरुद्ध आवाज उठवला. दुसऱ्याच दिवशी बाहेर आलं की चर्चचाच पैसा एका फंडातून फिरत त्या वोंगात गेला होता. रक्कम मोठी नव्हती, ७५ हजार पौंडांच्या आसपास. पण मान खाली गेली ती गेलीच. यादी कोणी वाचलीच नव्हती. ताईंनी वाचली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि हे परदेशातलंच प्रकरण म्हणून सोडू नका. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर वेदांता कंपनीसाठी बॉक्साइटची खाण होणार होती, डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला देव मानतात. फेब्रुवारी २०१० मध्ये इंग्लंडच्या चर्चनं वेदांता कंपनीतले आपले सुमारे ३८ लाख पौंडांचे शेअर याच कारणानं विकले. आदिवासींचा देव डोंगर आहे आणि चर्च ख्रिस्ती आहे, हा भेद तिथे आडवा आला नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

पोरा, चांगलं उदाहरण दिलंस, आता पुढचं पण सांग. शेअर विकल्यानं खाण थांबली का? चर्चनं विकले ते दुसऱ्या कोणी तरी घेतले. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांना विचारा असं सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं, तेव्हा खाण थांबली. खाण थांबवली ती तिथल्या माणसांनी. आपण शेअर विकून हात धुतले की आपल्याला बरं वाटतं, पण बरं वाटणं म्हणजे काम होणं नव्हे.

फोंड्याचा_पोरगा_पुण्यात

मान्य, थांबवली आदिवासींनीच. पण लांबच्या मालकांना त्यांच्या डोंगराचं नाव माहीत झालं, त्यात त्या विक्रीचा वाटा होता. आणि विकणं हा एकच रस्ता नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चनं १९७१ मध्ये जनरल मोटर्सचे शेअर हातात ठेवून भागधारकांच्या सभेत ठराव मांडला, वर्णभेद चालतो त्या दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा म्हणून. तेव्हा तो हरला. पण पुढे वर्षानुवर्षं चर्चेस हेच करत राहिली. आत राहून बोलायचं, ऐकलंच नाही तर बाहेर पडायचं. इंग्लंडच्या चर्चनं तेल कंपन्यांच्या बाबतीत हेच केलं, बरीच वर्षं बोलून पाहिलं आणि २०२३ मध्ये पैसा काढायचं ठरवलं.

बोर्डिंगचा_माजी_विद्यार्थी

मी मुसलमान, शाहू महाराजांच्या काळापासूनच्या बोर्डिंगात राहून शिकलो. आमच्याकडे हा विचार जुना आहे. दारू, जुगार, डुकराचं मांस आणि व्याजाचा धंदा वगळून चालणारे फंड भारतात आहेत, टाटा एथिकल फंड त्यातलाच एक, आणि तो कोणालाही खुला आहे. पण ताई, आमच्या यादीप्रमाणे तुमची मुदत ठेवच बसत नाही, ते व्याज आहे. सांगायचं इतकंच की पवित्र यादी आयती मिळत नाही. प्रत्येक समाजाला बसून आपली करावी लागते, आणि ती करताना भांडणं होतात. आमच्याकडेही झाली.

करवीरचा_ऊसवाला

मी पण ख्रिस्ती, करवीर तालुक्यातला. अडीच एकर ऊस हाय. एवढं सगळं वाचलं आणि मला बोलल्याशिवाय राहवंना. तुम्ही तंबाखू नको म्हणताय, उद्या दारू नको म्हणणार. लिहा. पण माझा ऊस ज्या कारखान्याला जातोय तिथं मळीपासून स्पिरिट काढतात. त्यातलं काही पेट्रोलमध्ये जातं, काही दारूत जातं. माझ्या बिलात दोन्हीचा पैसा येतोय. हंगामाच्या सणाला मी गुळाची ढेप आणि उसाची मोळी वेदीपुढं ठेवतोय, लिलावात त्याचे पैसे मंडळीलाच जातात. ते पण नको म्हणा मग. ज्या बँकेत तुम्ही ठेव ठेवणार ती बँक ह्याच कारखान्यांना कर्ज देतीया. ह्या जिल्ह्यात उसाच्या पैशाला हात न लावता कोण जगतंय ते मला दाखवा. पुण्या-मुंबईच्या याद्या इथं चालत न्हाईत. आणि गरिबाला असं वाटायला लागलं की माझं दान आता तपासणार, तर तो दानाची पिशवी पुढं आल्यावर हात मागं घेईल.

नागाळा_पार्कची_लेक

दादा, तुमचा प्रतिसाद दोन दिवस मनात घोळत होता. तुमची ढेप कोणी तपासणार नाही, हे आधी सांगते. माणूस घाम गाळून जे आणतो ते आणि संस्था शांत बसून जिथे पैसा गुंतवते ते, या दोन्हींना मी एक समजत नाही. तुम्हाला ऊस घालायला दुसरा कारखाना नाही. आमच्या ४२ लाखांना मात्र पाच दारं आहेत, आणि त्यातलं एक निवडायचा हक्क आहे. हक्क असेल तिथे जबाबदारी येते.

पण बँकेचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बँक कोणालाही कर्ज देते. मावशींची नोट तिथूनही तंबाखूपर्यंत जाऊ शकते.

सीए_राजारामपुरी

अर्धं उत्तर कायद्याच्या आतच आहे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ पासून 'हरित ठेवी'ची चौकट लागू केली आहे. अशा ठेवीचा पैसा बँकेला सौरऊर्जा, पाणी, कचरा व्यवस्थापन अशा ठरलेल्या कामांनाच लावावा लागतो आणि हिशोब जाहीर करावा लागतो. शेड्यूल्ड बँकेत असेल तर कलम ३५ मध्ये बसते. दुसरं, केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये पर्यावरणाच्या कामांसाठी पहिले हरित रोखे काढले, ८,००० कोटींचे. तेही सरकारी रोखेच, सुरक्षेच्या बाबतीत शाखाधिकारीसाहेबांनाही हरकत नसावी.

निवृत्त_शाखाधिकारी

सरकारी रोख्याला हरकत नाही. मात्र मुदतीआधी विकायचा झाला तर भाव कमी येऊ शकतो, हे कमिटीला आधीच सांगून ठेवा. वसतिगृहाचं छप्पर गळायला लागलं की पैसा त्याच दिवशी लागतो.

पंचगंगा_तालीम

मी मंडळीचा नाही, पण २०१९ च्या पुरात तुमच्याच वसतिगृहात आमच्या गल्लीतली माणसं आठवडाभर राहिली होती, म्हणून बोलतो. ४२ लाख साठवून ठेवायचेच कशाला? पोरींच्या वसतिगृहावर आणखी एक मजला चढवा. खेड्यातून शिकायला येणारी पोरगी खोली मिळत नाही म्हणून परत जाते. चांगली गुंतवणूक शोधत बसलात, आणि ती तुमच्याच आवारात उभी आहे.

नागाळा_पार्कची_लेक

हे मला सगळ्यात जास्त पटलं, आणि याचीच सगळ्यात जास्त भीतीही वाटते. मजला चढवला की वॉर्डनचा पगार, पाणी, दुरुस्ती दरवर्षी लागणार, आणि ते व्याजातूनच येणार. शाहू महाराजांनी बोर्डिंगांना नुसत्या इमारती दिल्या नाहीत, उत्पन्नही लावून दिलं, म्हणून ती टिकली.

काल कमिटी पुन्हा बसली. ठरलं ते असं: पंधरा लाख खोल्यांसाठी, बाकीचे तीन बँकांत, त्यातली एक ठेव हरित. फंड नाही. एका पानाच्या नियमावर दोघांनी सही केली नाही, त्यांची नावं आणि कारणं इतिवृत्तात लिहिली. हरित ठेवीचं विचारायला मी आज शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलानं तीनदा संगणकात पाहिलं, मग साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. वरून मागवतो." तिन्ही बँकांना पत्रही देणार आहोत: आमच्यासारख्यांच्या ठेवींतून तंबाखू आणि दारूच्या कारखान्यांना किती कर्ज जातं ते कळवा. उत्तर येईल का, माहीत नाही.

करवीरचा_ऊसवाला

ताई, बँकेला पत्र लिहिताय तसं कारखान्याला पण लिहा. तुम्ही सभासद न्हाई, तुम्हाला कोण विचारणार न्हाई. पण मी सभासद हाय. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, आमच्याकडं एका सभासदाला एकच मत, अडीच एकरवाल्याला पण आणि पन्नास एकरवाल्याला पण. त्या पोरानं मोटार कंपनीचं लिहिलंय ते वाचून मला हे सुचलं. वार्षिक सभेच्या आधी लेखी प्रश्न देता येतोय. मळीचं पाणी पंचगंगेत जातंय का, ते शुद्ध करायचं यंत्र वर्षातनं किती दिवस चालू असतंय, आणि स्पिरिट दारूवाल्यांना किती जातंय. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, तेव्हापासनं मला नदीचं विचारायचं होतं. माझं लिहिणं नीट न्हाई. प्रश्न तुम्ही लिहून द्या, सही मी करतो. आमच्या वाडीत मंडळीची अजून चौदा घरं सभासद हाईत, त्यांच्याकडं रविवारी जाऊन येतो.