बाई सर्वोच्च खुर्चीत बसली तेव्हा तुमच्या घरात काय बोललं गेलं?

गोदाकाठ:
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून आजीची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाला अंथरलेला पेपर १ नोव्हेंबर १९८४ चा. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण इंदिराबाईंचा फोटो शाबूत. डोक्यावर पदर, कपाळावर ती पांढरी बट. मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

त्यांची हत्या झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळा मधेच सुटली. घरी आले तर आजीनं चुलीतली पेटती लाकडं मागे ओढली, पाणी मारलं आणि म्हणाली, "आज चूल नाही." आता गंमत बघा, आणीबाणीत माझ्या मोठ्या काकांना नसबंदीच्या कॅम्पला नेलं होतं, म्हणून ७७ ला हीच आजी बाईंच्या विरोधात मत देऊन आली होती. तरी त्या दिवशी जेवली नाही.

दुपारी ओट्यावर रेडिओभोवती पुरुषमंडळी. आई चहा घेऊन गेली आणि विचारलं, "आता पंतप्रधान कोण होणार?" बाबा म्हणाले, "तू आत जा, तुला काय कळतंय त्यातलं." जवळजवळ सोळा वर्षं देश चालवलेल्या बाईसाठी डोळे पुसत होते ते, आणि तेच हे बोलले. आई रिकामा ट्रे घेऊन आत आली. तो ट्रे मला अजून दिसतो.

तुमच्याही अशा आठवणी असतील. पंतप्रधान, राष्ट्रपती, मुख्यमंत्री, सरपंच, कुठलीही बाई खुर्चीत बसली तेव्हा लोक काय बोलले? लिहा.

चाळकरी:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. गोरेगाव. आमच्या आईची पिढी मृणालताई गोऱ्यांची. नळाला पाणी नाही म्हणून हंडे घेऊन मोर्चे, मग ७२ ला महागाईविरुद्ध लाटणी घेऊन. ७७ ला त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि घोषणा झाली, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! आई अजून ठेक्यात म्हणते. दोन्हीकडे बाईच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.
आजीचा आक्षेप मात्र एकच होता, "मोर्चाला जा, पण भाजी चिरून जा." आई पहाटे चिरून जायची.
शिट्टी झाली.

माजी_सरपंच:
मी स्वतःचंच सांगते. २०१५ ला आमच्या गावची जागा महिलेसाठी राखीव निघाली. घरात ठरलं, मला फक्त कळवलं. पहिल्या मासिक सभेला मधल्या खुर्चीवर आमचे मिस्टर बसले. मुद्दाम नाही, सवयीनं. मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग बुक मिस्टरांपुढे उघडलं, वाचून झाल्यावर माझ्याकडे सरकवलं आणि बोट ठेवलं, "मॅडम, इथं." मी बी.ए. आहे, राज्यशास्त्र घेऊन. तालुक्याला गेलं तरी तेच, "साहेबांना पाठवा."

चार महिने असंच चाललं. एकदा पाणीपुरवठ्याच्या बिलावर सही मागितली आणि मी तो कागद वाचायला घेतला. सगळे गप्प. वरचा पंखा तेवढा कटकट करत होता. मोटार दुरुस्ती एकाच महिन्यात दोनदा लावलेली, रक्कम तीच. मी म्हटलं, ही सही आज होणार नाही.

गाडीवरून घरी येताना मिस्टर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं आता घरात महाभारत. पुढच्या सभेला त्यांनी मला फाटकाशी सोडलं आणि स्वतः पारावर जाऊन बसले. आत आलेच नाहीत. मी मधल्या खुर्चीवर बसले तेव्हा पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, इतकी उंच होती ती. मग तीच सवयीची झाली, पाच वर्षं.

गोदाकाठ:
ताई, अंगावर काटा आला. फाटकाशी सोडून पारावर बसणं सोपं नसतं हो. मिस्टरांना नमस्कार सांगा.

पेडणेकार:
गोव्यात हे आम्ही १९७३ लाच पाहिलं. भाऊ, म्हणजे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, गेले आणि त्यांची लेक शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ पर्यंत. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. ती सांगायची, स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे "भाऊंची लेक म्हणून बसवली". ताई आधी आमदार होत्या, भाऊंच्याच मंत्रिमंडळात मंत्री होत्या, ते कुणी बोलायचं नाही. आई म्हणायची, लेक असली तर "बसवली" आणि पुत्र असता तर "वारसा चालवला". एवढं एकच वाक्य, पण मी प्रत्येक निवडणुकीत वापरतो.
महाराष्ट्रात तर १९६० पासून एकही महिला मुख्यमंत्री नाही. जिजाऊ, सावित्रीबाई, ताराराणी यांची नावं प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्यात. मला हे खरोखर लागतं.

ऑकलंडची_सून:
इथे रात्रीचे साडेअकरा, बाळ झोपलंय (मोठं नव्हे, धाकटं). मोठीच्या वेळची गोष्ट. २०१८. मी आणि इथल्या, न्यूझीलंडच्या पंतप्रधान एकदमच गरोदर! जसिंडा आर्डर्नना पक्षाची नेता झाल्यावर काही तासांत टीव्हीवर विचारलं होतं, मुलांचा विचार काय. २१ जून २०१८ ला त्यांना मुलगी झाली. पंतप्रधानपदावर असताना बाळंत झालेल्या त्या जगात दुसऱ्या. पहिल्या बेनझीर भुत्तो, १९९० ला.
आमच्या ऑफिसात आनंदीआनंद. आणि आमच्या सासूबाईंचा सांगलीहून फोन, "अगं, तुमची पंतप्रधान दीड महिन्यात कामाला लागली, तुला सहा महिने कशाला लागतात?" मी फोन ठेवून रडले. टाके ओले होते, दूध नीट येत नव्हतं. त्या बाईचा जोडीदार घरी राहून बाळ सांभाळत होता, हे सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. बाईनं लवकर कामावर जावं तर आई म्हणून वाईट, उशिरा जावं तर आळशी. जानेवारी २०२३ ला त्यांनी आता माझ्यात ताकद उरली नाही असं सांगून पद सोडलं, तेव्हा मी डिशवॉशर भरत होते. हातातली बशी तशीच धरून शेवटपर्यंत ऐकलं.

चाळकरी:
अगं बाई गं. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला पंख्याखाली बसू देत नाहीत. डिंकाचे लाडू तरी मिळाले का तुला?

ऑकलंडची_सून:
आईनं पार्सल केले होते, कस्टमवाल्यांनी अडवले 😢 मग इंडियन दुकानातून डिंक आणून स्वतःच वळले. मोडायचे सगळे.

चाळकरी:
डिंक तुपात मंद आचेवर, थोडा थोडा घालून फुलव. आतून कच्चा राहिला की लाडू मोडतो आणि दातालाही चिकटतो. आणि खारीक पूड जास्त घे. अळीवाची खीर पण कर.

जळगावचे_गुरुजी:
२००७. राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताई पाटलांचं नाव जाहीर झालं आणि आमच्या गावात फटाके. जळगावच्या मू. जे. कॉलेजच्या विद्यार्थिनी, टेबल टेनिस खेळायच्या, १९६२ ला सत्ताविसाव्या वर्षी आमदार. पण त्या आठवड्यात चर्चा कशाची? राष्ट्रपती म्हणायचं की राष्ट्रपत्नी. चहाच्या टपरीपासून शिक्षक खोलीपर्यंत लोक हसत होते. सातवीच्या वर्गात एका मुलीनं हाच प्रश्न विचारला आणि मुलं खिदळली. मी फळ्यावर लिहिलं: सभापती, सेनापती, कुलपती. म्हटलं, इथे पती म्हणजे नवरा नव्हे, धनी, रक्षण करणारा. पद आहे ते. तिनं वहीत उतरवून घेतलं आणि खाली स्वतःच्या नावापुढे "सेनापती" लिहिलं. ती वही मी पाहिली आहे.
नोव्हेंबर २००९ ला ताईंनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून उड्डाण केलं, वय ७४. आमच्याकडे पहिला प्रश्न, "साडी कशी सांभाळली असेल?" वैमानिकाचा पोशाख घातला होता हो! फोटो कापून मी वर्गात लावला.

नाशिकरोड:
जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. माझे बाबा आणीबाणीत १९ महिने आत होते. धाकटी बहीण त्यांना ओळखेना. तेव्हा बाई होत्या म्हणून मी इंदिराजींना सूट देऊ शकत नाही. पंतप्रधानांनी केलं ते पंतप्रधानांनी केलं.
पण आईची एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांना भेटून परतताना एसटीत एक गृहस्थ बाईंबद्दल बोलू लागले, विधवा बाई, असं कुंकू नाही, तसे केस. आई, जिचा नवरा त्यांनीच आत टाकला होता, ताडकन म्हणाली, "शिव्या द्यायच्यात तर तुरुंगासाठी द्या. कुंकवाचं नाव काढू नका." अख्खी एसटी गप्प. मी सहा वर्षांचा होतो, तिच्या मांडीवर.
आधी लोहिया त्यांना गूंगी गुडिया म्हणाले, ७१ नंतर लोक दुर्गा म्हणू लागले. बाहुली नाहीतर देवी. चुकणारी, जबाबदार धरता येईल अशी साधी राज्यकर्ती कुणी होऊच दिली नाही.

माजी_सरपंच:
नाशिकरोड दादा, राग कसला. तुमच्या आईंचं बरोबर आहे. माझं बिल चुकलं असतं तर मलाच विचारायला हवं होतं, मिस्टरांना नाही. २०२३ ला लोकसभा-विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांना राखीव ठेवायचा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा मला आधी आमची ती खुर्ची आठवली. दिल्लीतही कुणी कुणाच्या खुर्चीत बसू नये म्हणजे झालं.

गोदाकाठ:
सगळ्यांचं आत्ता आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ८१ ची आहे, लसूण सोलत ऐकत होती. एसटीच्या गोष्टीला हात थांबला तिचा. मग म्हणाली, "त्या डिसेंबरात मतदान होतं. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं कुठं शिक्का मारायचा ते. मी नाही मारला तिथं." चाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं!

चाळकरी:
काकू!! मग कुणाला दिलं?

गोदाकाठ:
तेवढं सांगत नाहीये. "मत गुप्त असतं," म्हणाली, आणि पुन्हा लसूण घेतला.