मदत हवी आहे: कमी रक्तपाताचा, फारसा न गाजलेला गुन्हेपट सुचवाल का?

नमस्कार. नागपुरात धरमपेठेतील आमच्या घरी दर महिन्याला आम्ही पाच-सहा जण फारसे न गाजलेले चित्रपट पाहतो. सुमारे 7,000 डॉलरमध्ये बनलेला, कालप्रवासाच्या यंत्रावरचा ‘प्रायमर’ (2004) निम्माच कळला, तरी त्यावरची चर्चा सकाळच्या तर्री-पोह्यांपर्यंत चालली; मला मात्र धूमकेतूच्या रात्री घडणारा ‘कोहेरन्स’ (2013) अधिक आवडला, कारण त्यातील भीती यंत्रांतून नव्हे, तर जेवायला जमलेल्या मित्रांच्या परस्परांवरील संशयातून वाढत जाते. उसाच्या शेतातला ‘लपाछपी’ही पाहून झाला आहे. गुन्हेपटांबाबत मात्र आमची पाटी कोरी आहे. तपासावर भर देणारा, दोन तासांत संपणारा एखादा भारतीय गुन्हेपट कृपया कोणी सुचवू शकेल का? (आईही सोबत बसते, आणि खुनी कोण हे तिला मध्यंतरापूर्वीच कळते.)