कोइकेबाईंचं पर्यावरण: नुसता टाय सोडवला, की कायदाही केला?

पाणकणीस
युरिको कोइके सप्टेंबर २००३ ते सप्टेंबर २००६ जपानच्या पर्यावरणमंत्री होत्या. त्याआधी टीव्हीवर बातम्या देत. १९९२ ला संसदेच्या वरच्या सभागृहात आल्या, पुढच्याच वर्षी खालच्या. मंत्रिपदातलं सगळ्यांना आठवतं ते 'कूल बिझ': उन्हाळाभर ऑफिसात टाय-कोट नको, खोली २८ अंशांवर. माझ्या मते त्यांच्या नावावर मांडायची गोष्ट ही नव्हेच. ती आहे बास माशाची.

परकीय आक्रमक प्रजातींचा कायदा जून २००४ मध्ये झाला, अंमल वर्षभराने. मधल्या काळात यादी ठरायची होती. यादीत नाव गेलं की तो जीव पाळणं, जिवंत नेणं, आयात करणं, सोडणं बंद. व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड, कंपनीला १० कोटींपर्यंत. लार्जमाउथ बास १९२५ ला आशी तलावात आणून सोडलेला. पुढे देशभर पसरला, देशी मासे फस्त करू लागला. पण गळवाल्यांचा लाडका, आणि गळ-बोटींचा धंदा त्याच्यावर चालतो. म्हणून तज्ज्ञांच्या गटाने जानेवारी २००५ मध्ये सुचवलं, सहा महिने थांबू. दोनच दिवसांत कोइकेंनी पत्रकारांना सांगून टाकलं की बास पहिल्याच यादीत हवा. महिनाअखेर गट वळला. लोकांची मतं मागवली तर लाखभर आली, बहुतेक विरोधात. तरी १ जून २००५ ला कायदा लागू झाला तेव्हा बास यादीत होता. कूल बिझही त्याच दिवशी सुरू झालं, फोटो मात्र टाय नसलेल्या गळ्यांचे छापून आले.

गवती चहा
बैल गेला आणि झोपा केला! १९२५ ला आलेला मासा २००५ ला यादीत. शिवाय कायदा नीट वाचा. गळाला लागलेला बास तिथल्या तिथे परत सोडणं देशाच्या कायद्याने गुन्हा नाही. बादलीत घालून जिवंत दुसऱ्या तळ्यावर नेला तर गुन्हा. बिवा सरोवरात परत सोडायला बंदी आहे, पण ती शिगा प्रांताने स्वतःच्या नियमाने २००३ लाच घातली. काठावर पकडलेले बास टाकायला पेट्याही ठेवल्या. आणि आशी, कावागुची, यामानाका, साई या चार तलावांत बासच्या मासेमारीचे हक्क आजही चालू आहेत. मग मंत्रीणबाईंनी नेमकं काय अडवलं?

पाणकणीस
तुम्ही म्हणालात ती बादलीच अडवली. बास तळ्यातळ्यांत पोचला तो चोरून सोडल्यामुळे. शेततळं उपसायचं, गाळापर्यंत सुकवायचं, बास वेचून काढायचा, देशी मासे परत सोडायचे, हे मेहनतीचं काम. पुढच्या हंगामात कोणी चार बास आणून ओतले की सगळं पाण्यात. ओतणाऱ्याला देशभर शिक्षा लागू नसेल तर उपसा करायचाच कशाला?

खडूफळा
कूल बिझला इतकं हलक्यात काढू नका. १९७९ च्या तेलटंचाईत जपान सरकारने अर्ध्या बाह्यांचा सूट आणला होता. खुद्द पंतप्रधान ओहिरा घालून उभे राहिले, तरी कोणी घेतला नाही. कारण उघड आहे: नवा कपडा विकत घ्या, वर हसू करून घ्या. कोइकेंनी घ्यायला नाही, काढायला सांगितलं. आणि साहेबाच्या गळ्यात टाय असताना कारकून आपला काढत नाही, म्हणून सुरुवात मंत्रिमंडळापासून केली. तेव्हाचे पंतप्रधान कोइझुमी ओकिनावाचा सैल, टाय न लागणारा कारियुशी शर्ट घालून आले.

चूक होते ती २८ च्या आकड्यात. ते खोलीचं तापमान आहे, रिमोटवरचं नाही. ते आलं १९७० च्या इमारत-स्वच्छता कायद्यातून, तिथे १७ ते २८ अशी मर्यादा होती, म्हणजे २८ ही वरची कड. एसीचा सेन्सर बहुधा छतापाशी, परतीच्या हवेत. रिमोटवर २८ ठेवलं तर पश्चिमेच्या काचेजवळ बसलेल्याला ३० सहज. उपाय साधा आहे: टेबलाच्या उंचीवर थर्मामीटर ठेवा, तिथे २८ येईपर्यंत एसी खाली आणा, गरज पडली तर २५-२६ वर. हे न करता योजनेला शिव्या घालणारी ऑफिसं खूप.

गवती चहा
योजना छान, हिशेब बघा. पहिल्या उन्हाळ्यात ४.६ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचला, हा मंत्रालयाचा अंदाज, तोही इंटरनेटवरच्या पाहणीवरून. देशाचं वर्षाचं उत्सर्जन १३५ कोटी टनांच्या घरात. म्हणजे २,९०० टनांमागे एक टन! क्योटो हवामान करारात कबूल केलेलं उत्सर्जन १९९० पेक्षा ६ टक्के कमी, आणि २००५ ला होते सात-आठ टक्के वर. खरी परीक्षा पर्यावरण कराची होती. नोव्हेंबर २००४ चा आराखडा: कार्बनच्या टनाला २,४०० येन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या टनाला साधारण ६५५. उद्योगसंघटना आडव्या आल्या. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. शेवटी २०१२ ला आला तो कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २८९ येनचा, तोही साडेतीन वर्षांत हप्त्याहप्त्याने.

अडकित्ता
मासे आणि टाय यांत अ‍ॅस्बेस्टॉस (बांधकामात वापरलं जाणारं तंतुमय खनिज, धूळ जीवघेणी) राहूनच गेला. जून २००५ मध्ये आमागासाकीतल्या कुबोता कंपनीच्या जुन्या पाइप कारखान्याचं प्रकरण फुटलं. कामगार तर होतेच, पण कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेले शेजारचे रहिवासीही मेसोथेलिओमाने (या धुळीने फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाने) आजारी. कामगारांना विमा होता, शेजाऱ्यांना काहीच नाही. मार्च २००६ ला मदतीचा कायदा लागू झाला. नऊ महिन्यांत, हे मान्य करा.

पण रकमा बघा. रुग्णाला महिन्याला १,०३,८७० येन आणि औषधपाण्याचा खर्च. कायद्याआधीच गेलेल्याच्या घरच्यांना २८ लाख, वर अंत्यविधीचे १,९९,०००. त्याच वर्षी कुबोताने शेजाऱ्यांना देऊ केले २५ लाख ते ४६ लाख... नव्हे, अडीच कोटी ते ४ कोटी ६० लाख येन! कंपनी सरकारच्या दसपट कशी देते? कारण कायद्यात ती 'भरपाई' नव्हतीच, 'मदत' होती. दोष कुणाचा हे न ठरवता पैसे द्यायचे, म्हणून लवकर आणि म्हणून थोडे.

पाणकणीस
बरोबर, आणि आजारही सुरुवातीला दोनच: मेसोथेलिओमा आणि फुप्फुसाचा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टोसिस (त्याच धुळीने फुप्फुस कडक होण्याचा आजार) यादीत यायला २०१० उजाडलं.

खडूफळा
कराचं खापर एकट्या कोइकेंवर नको. जपानात कर ठरतो सत्ताधारी पक्षाच्या करसमितीत, पर्यावरणमंत्र्याच्या टेबलावर नाही. हातात अधिकार आले तेव्हा काय केलं ते बघा: टोकियोच्या गव्हर्नर असताना डिसेंबर २०२२ ला नियम केला, एप्रिल २०२५ पासून मोठ्या बांधकाम कंपन्यांना नव्या घरांवर सौर पॅनेल सक्तीचे. सक्ती घरमालकावर नाही, कंपनीवर, पन्नासेक कंपन्या.

गवती चहा
त्याच टोकियोत जिंगू गाइएन या जुन्या हिरव्या परिसरातल्या झाडांचं काय झालं? फेब्रुवारी २०२३ ला पुनर्विकासाला मंजुरी याच गव्हर्नरची. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.