फिजिओत पुढे एमपीटी (पदव्युत्तर पदवी): न्यूरो घेऊ की स्पोर्ट्स? सल्ला हवा

कबड्डीवाली_अंबरनाथ
नमस्कार मंडळी. माझी फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आलीय आणि पीजी सीईटीचा अभ्यास चालू आहे. राहते अंबरनाथला. कॉलेज मुंबईत, त्यामुळे पाठांतर बरंचसं लोकलमध्येच होतं.

पहिल्या दिवसापासून स्पोर्ट्सच डोक्यात होतं. अकरावीत कबड्डी खेळताना गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर ज्या फिजिओताईंनी दहा महिने खपून मला परत मैदानात उतरवलं, त्यांच्यामुळे मी या क्षेत्रात आले. पण न्यूरोच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांच्या, पोस्टिंगने सगळं बदललं. गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, उजवी बाजू गेलेली. पेला पकडायला त्यांना जमायचं, सोडायला जमायचं नाही. बोटं मिटली की उघडायचीच नाहीत. रोज मी प्लिंथवर (व्यायामाच्या पलंगावर) त्यांचा तळवा उघडून त्यावर भार द्यायला लावायचे, मग पेला. पाचव्या आठवड्यात एके सकाळी अंगठा सुटला आणि स्टीलचा पेला खणकन फरशीवर. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आजींनी पेला उचलून परत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा सोडा."

त्या दिवसापासून माझं ठरत नाहीये. पुढे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातच स्वतःचं सेंटर काढायची इच्छा आहे. काय घेऊ?

मैदान_फिजिओ
स्पोर्ट्समध्ये आहे म्हणून सांगतो. सामन्याच्या दिवशीचं टेपिंग आणि बर्फ लोकांना दिसतं. खरं काम त्याआधी महिनोन्‌महिने चालतं: ताकद, उडी मारून नीट उतरणं, दिशा बदलणं. खेळाडू तुझ्याकडे येणार सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सातनंतर, आणि रविवार तुझा नाही. हे चालणार असेल तर जरूर ये. तू स्वतः त्या दुखापतीतून गेलीयस, त्यामुळे घाबरलेल्या पोरांना तुझं म्हणणं लवकर पटेल.

न्यूरो_सेकंड_इयर
अगं, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. न्यूरो घे. पण त्यात काय आहे ते नीट ऐकून मग ठरव.

मुंबईत पेशंटची वाण नाही. केईएम, सायन, नायर, कुठेही जा, ओपीडी भरलेली. आपला पेशाच इथे केईएममध्ये उभा राहिला, पोलिओच्या साथीनंतर 1953 च्या सुमारास. त्या विभागात लहान मुलांचे पाय धरून शिकलेल्यांची परंपरा आहे, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

आता अडचण. माझ्या थिसीसमध्ये स्ट्रोकच्या (अर्धांगाच्या झटक्याच्या) पेशंटना आठ आठवडे बोलवायचं होतं. तोल मोजायला बर्ग स्केल: 14 कामं, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण 56. कागदावर सुंदर. तिसऱ्या आठवड्यापासून पेशंट गळायला लागले. कोण पालघरचं, कोण कर्जतचं. बरोबर येणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते, आणि अर्ध्या अंगाच्या माणसाला लोकलमध्ये चढवायचं कसं? मी चिडून फोन करत होते, ते बिचारे माफी मागत होते. चूक माझी होती. विषय निवडण्याआधी पेशंट राहतात कुठे हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून तीन गोष्टी. सिनॉप्सिस (थिसीसचा आराखडा) लिहिण्याआधी महिनाभर ओपीडीच्या रजिस्टरमध्ये पत्ते बघ. उपचाराची तुलना करणार असशील तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी कर, नंतर पश्चात्ताप होतो. आणि कॉलेज निवडताना गाईड स्वतः पेशंटला हात लावतात का, हे आत्ताच्या पीजीच्या मुलांना विचार. इमारत बघून कॉलेज घेऊ नकोस.

लालबागकर
मी डॉक्टर नाही. आईला झटका आला तेव्हा दवाखान्यात ती बारला धरून छान चालायची. चाळीतल्या घरी आली आणि मोरीच्या कठड्यापाशी अडकली. पाय उचलायचा, पाण्यावर टेकवायचा, धरायला काही नाही. घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमनी विटेवर विट ठेवून तेवढीच उंची खोलीत केली आणि तीन आठवडे तेच करून घेतलं. आई आज एकटी आंघोळ करते. ताई, तू न्यूरोच घे.

वीस_वर्षं_क्लिनिक
बेटा, सेंटरचा विचार चांगला आहे, पण एमपीटी झाल्याझाल्या गाळा भाड्याने घेऊ नकोस. आधी राज्य परिषदेची नोंदणी पक्की कर, दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढ, बरोबरीने होम व्हिजिट घे. चिठ्ठीवर नुसतं "आयएफटी, दहा दिवस" लिहून येईल, तेव्हा ते दुखण्यावरचं करंटचं मशीन लावून मोकळी होऊ नकोस. पेशंटला उभं करून बघ, चालवून बघ. तुमच्या पट्ट्यातून स्ट्रोकचे पेशंट अजूनही मुंबईपर्यंत येतात, माझ्याकडेही येतात. येण्याजाण्यातच त्यांची शक्ती संपते. गाळा घेशील तेव्हा तळमजल्याचाच घे, आणि दारातून व्हीलचेअर सरळ आत आली पाहिजे.

कबड्डीवाली_अंबरनाथ
सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूरो पहिली पसंती टाकतेय. पेशंट का गळतात ते वाचून आमचे आजोबा आठवले. डिस्चार्जनंतर ते दोनदाच आले. आज त्यांच्या मुलाला फोन लावला, ते उल्हासनगरला राहतात, माझ्या वाटेवरच. रविवारी सकाळी जातेय. लालबागकर दादा, मोरीच बघणार आहे आधी. तुमच्याकडे विटा किती उंच लावल्या होत्या?