मनगट बारीक, छाती ७७. घरच्या खाण्यावर अंग भरेल का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. वय २२, उंची १७० सें.मी., वजन ५१ किलो. मनगट इतकं बारीक की अंगठा नि करंगळीत धरलं तर बोटं एकमेकांवर चढतात. गावात नाव पडलं आहे काडीपैलवान.

पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. १६०० मीटरची चिंता नाही. अडते ते छातीवर. न फुगवता ७९ सें.मी. पाहिजे, वर फुगवून ५ वाढली पाहिजे. फुगवायचं जमते, पण मूळची ७७ च भरते. ७.२६० किलोचा गोळा सोडताना मनगट मागं वळते, ते वेगळंच.

जिम तालुक्याला, रोजचं जाणं-येणं परवडत नाही. घरी जोर-बैठका आणि लिंबाच्या फांदीला पुलअप्स. खाण्यात सकाळी चहा-पोळी, दुपारी वरण-भात, रात्री भाकर-भाजी. अंडी चालतात, पण घरात शिजत नाहीत. आई म्हणते, बाहेर खा. सोयाबीनचे कट्टे छपरीत पडले आहेत, पण आमच्याकडं सोयाबीन विकायचं असते, खायचं नाही. पावडरचा डबा घेण्याइतके पैसे नाहीत.

हाडाचा सांगाडाच लहान असला तर छाती वाढते का? आणि सोयाबीन खायचं तर कसं?

वऱ्हाडीकाका: मनगटाचा नाद सोड लेका. तिथं हाड नि कंडराच, मांस चढायला जागाच नाई. ते आहे तेवढंच राहीन. छातीचं तसं नाई. टेप पाठीवरूनही फिरते, म्हणून पाठ रुंद झाली की माप वाढते. पुलअप्स सोडू नको, आणि कट्ट्यात रेती भरून वाकून पोटाकडं ओढ. नुसते जोर शंभरावर नेऊन फायदा नाई. पाठीवर वजन घे, दर आठवड्याला थोडं वाढव. २ सें.मी. होऊन जातीन.

प्रथिनं वजनाच्या किलोमागं दीड ग्रॅमच्या वर धर, म्हणजे तुले रोज ८० ग्रॅमच्या आसपास. कोरडं सोयाबीन १०० ग्रॅम घेतलं तं ३६ ग्रॅम भेटते, फुटाण्यात २०, शेंगदाण्यात २५, एका अंड्यात ६. सोयाबीन रात्री भिजव, सकाळी पाणी फेकून कुकरमध्ये मऊ शिजव. कच्चं खाल्लं तं प्रथिनं पचत नाईत. सुरुवात एका मुठीनं कर, नाईतर पोट फुगते. आणि बाप्पा, पेरणीचं औषध लावलेलं बियाणं चुकूनही घेऊ नको. धावतो तं पोळ्याही वाढव, नाईतर खाल्लेलं सगळं रस्त्यावरच जाईन.

निंबाची_सावली: लवकर थकवा येते का, सांधे दुखतात का? आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, मगच जोराचा व्यायाम.

धागाकर्ता: सिकलसेलची तपासणी शाळेत झाली होती, निघालं नाही. हिमोग्लोबिन पाहून घेतो. बियाण्याचा कट्टा वेगळा आहे, लाल रंग लावलेला. तो शिवणार नाही. काका, मनगट वाढणार नसेल तर गोळ्यासाठी पकड कशी घट्ट करू? बादली उचलून फिरलं तर चालेल का?