एबोलाच्या वर्षी तुमच्या घरात काय चाललं होतं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा

२०२५ च्या सप्टेंबरात काँगोच्या कसाई प्रांतात परत एबोला निघाला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तासांत कापूर-लवंगेची पुरचुंडी, जुने फोटो, "घरातले मास्क शोधून ठेवा" सगळं सुरू झालं. २०१४ लाही हेच झालेलं. तेव्हा भारतात कोणाला लागण झाली नाही, तरी आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत ते वर्ष जड गेलं कारण कोणाचा नवरा नायजेरियात लागोसला, कोणाचा मुलगा जहाजावर, कोणाचं दुकान लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोवियाला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर २०१३ ला गिनीतल्या मेलियांडू गावात एका लहान मुलापासून सुरुवात झाली असं मानतात, जगाला मार्चमध्ये कळलं, ८ ऑगस्ट २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, आणि संपेपर्यंत गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया मिळून २८,६०० च्या वर रुग्ण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. टीव्हीवर काय पाहिलं ते नको, ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या घरात, नोकरीत काय झालं ते लिहा. नाव नको असेल तर गाव आणि काम पुरे.

सीवूड्स, मर्चंट नेव्ही

मी तेव्हा बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर. गिनीत कामसार बंदरात बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) भरायला जायचं असं कळलं तेव्हा मेसमध्ये एकदम शांतता. तरी गेलो, कारण चार्टर ठरलेला होता. बंदरात उतरणं बंद, क्रू बदलणं बंद. राहायच्या भागाचे सगळे दरवाजे आतून लॉक, एकच उघडा आणि तिथे माणूस. बंदराच्या पायलटला बाहेरच्या जिन्याने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, न्यायचं. फोरमन, सर्व्हेअर, एजंट यांचे कागद डेकवरच टेबल टाकून सही करायचे, आणि पेन ज्याचं त्याचं. गँगवेवर प्रत्येकाचा ताप मोजायचा, ते काम माझ्या एका कॅडेटकडे होतं, बिचारा ग्लोव्ह्जमध्ये घामाने निथळायचा. तिथले कामगार मात्र हसून आपणहून कपाळ पुढे करायचे, त्यांना आमच्यापेक्षा सवय झालेली.

खरी भीती स्टोअवेची, म्हणजे चोरून चढणाऱ्याची. एखादा लपून चढला आणि समुद्रात ताप आला तर करायचं काय? निघण्याआधी चेन लॉकरपासून फनेलपर्यंत सगळं जहाज धुंडाळलं.

पुढच्या बंदरात गेलो तर मागच्या बंदरांच्या यादीत कामसार दिसलं आणि बंदराबाहेर नांगरावर ठेवलं. आरोग्य तपासणीची परवानगी मागणारा पिवळा क्यू झेंडा लावून बसलो. आत यायची परवानगी मिळेना, एबोलाची लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात आणि आमचे तेवढे दिवस समुद्रातच गेले होते, सगळे ठणठणीत, हे ईमेलवर किती वेळा लिहिलं असेल. शेवटी हेल्थ ऑफिसर बोटीने आला, सगळ्यांना रांगेत उभं केलं, ताप बघितला, झालं.

घरी आल्यावर बायकोने काही विचारलं नाही. न्हाव्याने विचारलं. बाकी गिऱ्हाईक गेल्यावर ये म्हणाला.

घोडबंदर रोड, गृहिणी

आमचे हे लागोसला, प्लास्टिकच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघायचे, राहायला इलुपेजूला, तिथे आपली माणसं भरपूर. २० जुलैला लायबेरियाहून पॅट्रिक सॉयर नावाचा माणूस विमानाने आला आणि एअरपोर्टवरच कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप होता म्हणून त्याला खासगी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉ. अमेयो अडाडेवोह यांनी त्याला सोडायला नकार दिला. वरून दबाव होता, त्याला कॉन्फरन्सला जाऊ द्या म्हणून, तरी सोडलं नाही. तो २५ जुलैला गेला, आणि या बाई १९ ऑगस्टला त्याच रोगाने गेल्या. हे मला यांनी फोनवर सांगितलं तेव्हा यांचा आवाज कापत होता, आणि आमचे हे तसे कशाने हलणारे नाहीत.

सासूबाई रोज म्हणायच्या बोलाव त्याला परत. मला पण वाटायचं. हे म्हणायचे अगं मी गेटवर ताप मोजून आत जातो, हात दहा वेळा धुतो, तू तिकडे डेंग्यूत राहतेस, कोणी कोणाची काळजी करायची? त्यावर सासूबाई तुळशीचा काढा सांगायच्या. आणि तिकडे त्याच सुमाराला मिठाच्या पाण्याने अंघोळ करा आणि ते प्या असा मेसेज फिरला, त्यात माणसं दगावली. तेव्हापासून मी काढ्याचे मेसेज पण पुढे पाठवत नाही, सासूबाई रागावल्या तरी.

नायजेरियात २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबलं. लागोससारख्या शहरात! कारण ८९४ माणसं शोधून काढली आणि त्यांच्या घरी जाऊन जाऊन ताप बघितला, अशा साडेअठरा हजार भेटी. पोलिओची टीमच त्याला लावली होती असं हे सांगायचे. २० ऑक्टोबरला देश मोकळा जाहीर झाला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या तोंडावर. हे आले मात्र डिसेंबरात, आणि आल्या आल्या यांना डेंग्यू झाला.

कळवा, अकाउंटंट

मी त्या वेळी मन्रोवियाला होतो, वॉटरसाइड मार्केटजवळ हार्डवेअरच्या होलसेल दुकानात. शेजारीच वेस्ट पॉइंट, दाट झोपडवस्ती. जूनपर्यंत लोक म्हणायचे एबोला वगैरे काही नाही, सरकारला परदेशी पैसे हवेत. मग प्रत्येक दुकानाबाहेर नळ लावलेली क्लोरीनची बादली आली. तिथे बोटं वाजवून हस्तांदोलन करायची पद्धत आहे, ती बंद झाली, कोपराला कोपर. आमच्या गोदामातला एक हमाल यायचा बंद झाला. कोणी विचारलं नाही.

२० ऑगस्टला वेस्ट पॉइंट रातोरात तारेने बंद केलं. दगडफेक, गोळीबार, १५ वर्षांचा मुलगा गेला. आम्ही शटर ओढून आत बसलो होतो, आवाज येत होते. मालक म्हणाला ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच निघा. विमानं एकेक बंद होत होती, केनिया एअरवेज बंद, ब्रिटिश एअरवेज बंद. अदिसअबाबामार्गे मुंबईला उतरलो, एअरपोर्टवर फॉर्म, ताप, परत फॉर्म.

गणपती २९ ऑगस्टला. आमच्याकडे पाच दिवसांचा. दादाने सोसायटीत सांगितलं होतं की हा येतोय, तब्येत ठीक आहे. आरतीला दरवर्षी जिन्यापर्यंत माणसं उभी असतात, त्या वर्षी घरचे आणि भटजी. भटजी पण दारात. प्रसाद वहिनीने डब्यात भरून शेजारी दिला, दुसऱ्या दिवशी डबा तसाच दाराबाहेर. कमिटीतले एक गृहस्थ लिफ्ट वापरू नका म्हणाले. मी भांडलो नाही, मन्रोविया बघून आलेला माणूस लिफ्टवरून काय भांडणार.

महापालिकेच्या आरोग्य खात्यातून रोज फोन यायचा, ताप किती. एकदा एक सिस्टर घरीच आल्या. चपला काढल्या, गणपतीला नमस्कार केला, थर्मामीटर लावलं आणि वहिनीने दिलेले मोदक बसून खाल्ले. आमच्या मजल्यावरच्या दोन दारांच्या पीपहोलमधून लोक बघत असणार याची मला खात्री आहे.

आणखी एक, हे इथे फारसं कोणाला माहीत नाही. ऑगस्टमध्ये लायबेरियाच्या सरकारने मन्रोवियातली प्रेतं जाळायचा हुकूम काढला, कारण प्रेत धुताना, कवटाळताना रोग जास्त पसरत होता. तिथे दहनाची पद्धतच नाही. मग वापरलं काय, तर तिथल्या भारतीयांनी आपल्या लोकांसाठी बांधलेलं बॉइज टाउनचं स्मशान. माझ्या तिथे राहिलेल्या मित्राने सांगितलं की आजूबाजूचे गावकरी चिडले होते, घरच्यांना राखही मिळत नव्हती. डिसेंबरात पुरायला वेगळी जागा मिळाली तेव्हा ते थांबलं.

ठाणे पूर्व, स्टाफ नर्स

आमच्या हॉस्पिटलात मॉक ड्रिल झाली. किट घालणं सगळ्यांना जमलं, काढताना निम्म्या नापास. मॅडमनी किटवर रंग लावला होता, काढल्यावर कोणाच्या मानेला, कोणाच्या मनगटाला. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत डॅलसला दोन नर्सना लागण झाली ती बातमी वाचली आणि पुढच्या ड्रिलला एकीनेही दांडी मारली नाही. २०२० ला हेच शिकलेलं कामाला आलं.

खारघर, घरमालक

माझ्या फ्लॅटमध्ये टांझानियाची दोन कॉलेजची मुलं भाड्याने होती. सोसायटीने पत्र दिलं, आफ्रिकन भाडेकरूंनी मेडिकल सर्टिफिकेट द्यावं. कशाचं सर्टिफिकेट ते लिहिलं नव्हतं. मी मीटिंगला नकाशा घेऊन गेलो. दारेसलाम हे मन्रोवियापेक्षा मुंबईला जवळ आहे, फूटपट्टी लावून दाखवलं, आणि ही मुलं दीड वर्षात घरी गेलेलीच नाहीत तेही सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले ते ठीक आहे पण आफ्रिकाच ना. पत्र मागे घेतलं नाही, मी उत्तरही दिलं नाही, मुलं कोर्स संपेपर्यंत राहिली. पण नंतर ती जिन्यानेच जायची, लिफ्टमध्ये कोणी असलं की.

कोपरखैरणे, जीपी

त्या दोन-तीन महिन्यांत रोज कोणीतरी विचारायचं, डॉक्टर एबोला तर नाही ना? आफ्रिकेला गेला होतात का? नाही. मग नाही. तोवर बाहेर बाकड्यावर डेंग्यूचे पेशंट प्लेटलेट्सचे रिपोर्ट घेऊन बसलेले, आणि घरात कुंडीखालच्या बशीत पाणी तसंच. पुढे २०१५ च्या सुरुवातीला स्वाइन फ्लू आला, देशात दोन हजारांवर माणसं गेली, त्याची मात्र एवढी चर्चा सोसायट्यांत ऐकली नाही. एबोला हवेतून पसरत नाही, लक्षणं यायच्या आधी पसरत नाही, रुग्णाच्या रक्ताशी, उलटी-जुलाबाशी, प्रेताशी संबंध आला तर पसरतो. लिफ्टने नाही.

वाशी, ट्रॅव्हल एजंट

तिकडून येणारी विमानं बंद करा म्हणणाऱ्यांना सगळे हसतात म्हणून लिहितो. मी तेव्हा बंदी हवी म्हणत होतो आणि माझा धंदाच तिकिटांचा आहे, म्हणजे माझंच नुकसान. आपल्याकडे सकाळची ठाणे-सीएसटी लोकल बघा आणि सांगा, एक माणूस आजारी उतरला असता तर ८९४ संपर्क कोण शोधणार होतं? ऑस्ट्रेलिया, कॅनडाने त्या तीन देशांच्या लोकांचे व्हिसा बंद केलेच ना. दिल्लीतली भारत-आफ्रिका शिखर परिषद सरकारने डिसेंबरवरून पुढे ढकलली, ती २०१५ च्या ऑक्टोबरात झाली. म्हणजे सरकारलाही भीती होतीच, फक्त आम्ही बोललो की अडाणी.

कळवा, अकाउंटंट

वाशीकर, तुमची भीती खोटी म्हणत नाही. पण विमानं बंद झाली तेव्हा तिकडे काय झालं ते बघितलंय, बाहेरचे डॉक्टर आणि सामान यायला ब्रसेल्स एअरलाइन्स आणि रॉयल एअर मारोक एवढीच मोठी दारं उरली. आणि माणसं थांबत नाहीत, ती रस्त्याने जातात, मग कोण कुठून आला ते कळत नाही. मी विमानाने आलो म्हणून माझा फॉर्म भरला गेला आणि रोज फोन आला.

सीवूड्स, मर्चंट नेव्ही

आणि बॉक्साइट एक दिवस थांबलं नाही हो. सगळ्या बंदीच्या चर्चेत जहाजांची रांग तशीच होती. माल चालतो, माल नेणारा माणूस चालत नाही.

वाशी, ट्रॅव्हल एजंट

ते बरोबर आहे. पण लोकलचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

ऐरोली, टेलिकॉम इंजिनिअर

दोन महिन्यांसाठी काँगोच्या राजधानीत, किन्शासाला जायचंय, आई हे सगळं वाचून घाबरलीय. एबोलाची लस मिळते का? काय करून जाऊ?

कोपरखैरणे, जीपी

लस आहे, २०१९ ला मंजूर झाली, एबोलाच्या झैर नावाच्या जातीवर चालते, पण ती मुख्यतः रुग्णाच्या संपर्कातल्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना देतात. तुम्ही टॉवरवर चढणार, वॉर्डात नाही. तुम्हाला खरा धोका मलेरियाचा, गोळ्या लिहून घ्या आणि मच्छरदाणी इथूनच न्या.

सीवूड्स, मर्चंट नेव्ही

आणि पिवळ्या तापाची लस. तिचं सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परत येताना इथेच क्वारंटाइनमध्ये बसवतात, मग एबोलाचं नाव कशाला काढायचं. सरकारमान्य केंद्रातच घ्या, लसीचं पिवळं पुस्तक पासपोर्टमध्येच ठेवा. आईला सांगा, काळजी नको.