ईजीआर व्हॉल्व्ह साफ करू, बदलू की पत्रा मारून बंद करू? (बजेट ५ हजार)

चिपळूणकर७२: २०१७ ची बीएस-४ डिझेल, १ लाख १२ हजार किमी. कुंभार्ली घाट चढताना मागे काळाकुट्ट धूर, पिकअप मेलाय, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक म्हणतो ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, वायूच्या वाटेत पत्रा मारू, दीड हजारात काम. काय करू?

घाटवाला: डोळे झाकून पत्रा मार. मी ४ वर्षांपूर्वी मारला, गाडी पळतेय. पीयूसी पण एका दमात पास.

सावकाश_जा: होणारच पास! डिझेलच्या पीयूसीत फक्त धूर मोजतात. ईजीआर धुरासाठी नाहीच मुळी. तो थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतो, ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलनाचं तापमान उतरतं, म्हणून नॉक्स (नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वायू) कमी होतो. काजळी उलट थोडी वाढते. पत्रा मारलात की धूर घटतो अन् नॉक्स चढतो, जो डोळ्यांना दिसत नाही.

घाटवाला: आधी डंपरवाल्यांना सांगा की हे.

नवीगाडी_जुनाचालक: बीएस-६ घेऊन टाका. बीएस-४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किमीला ०.२५ ग्रॅम, बीएस-६ ला ०.०८. माझी तर चालू आहे की बंद तेच कळत नाही.

सावकाश_जा: अहो, बजेट ५ हजार लिहिलंय त्यांनी.

नवीगाडी_जुनाचालक: हप्ते असतात की.

काजळीमामा: मी घरीच साफ केला. तोंडावर डांबरासारखा थर, कुल्फीच्या काडीने खरवडला, मग कार्ब क्लीनर. व्हॉल्व्हच्या मोटरमध्ये क्लीनर जाऊ देऊ नका. जुनीच गॅस्केट परत लावली तर आठ दिवस शिट्टी वाजत होती, बायको म्हणे कुकर घेऊन फिरताय का. गॅस्केट नवी घ्या. इनटेक मॅनिफोल्डही (इंजिनात हवा नेणारी नळी) उघडा, काजळी अन् तेलाची वाफ मिळून तिथे राबडी साचते.

पम्या: कार्ब क्लीनरने साफ करा. बेस्ट.

काजळीमामा: तेच लिहिलंय वर.

गॅरेजचा_पोरगा: पूर्ण लोडवर व्हॉल्व्ह बंद असायला हवा. उघडा अडकला की ताजी हवा कमी, म्हणून चढाला धूर. पण टर्बोचा पाइप फाटला तरी हेच होतं दादा. आधी स्कॅन करा, म्हणजे मशीन लावून इंजिनाचे एरर कोड वाचा.

चिपळूणकर७२: सगळ्यांचे आभार. मेहुण्याने सातारच्या भंगारातून ३ हजारात वापरलेला व्हॉल्व्ह आणलाय. उद्या बसवतोय.

गॅरेजचा_पोरगा: स्कॅन?

चिपळूणकर७२: आणलाच आहे तर बसवून बघतो. मेहुण्याला नाही कसं म्हणू?

घाटवाला: पत्रा कापून ठेव.